परदेशाचा जमाखर्च

(मीरा-भाईंदरमधील अनेक घरांतील माणसे आखाती देशांत नोकरी करतात. तिकडचे जीवन चांगले की इकडचे, असा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, हिशेब, जमा, खर्च आणि बाकी हे चार शब्द तुम्हांला नवे नाहीत. तुमच्या उर्दूतही ते आहेत. अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. जुन्या पद्धतीने वही लिहिणारा दुकानदार एका बाजूला जमा लिहितो, दुसऱ्या बाजूला खर्च लिहितो आणि शेवटी बाकी काढतो. आज आपण असाच एक हिशेब मांडणार आहोत. त्यात पैसे आहेत, तशाच पैशांत न मोजता येणाऱ्या गोष्टीही आहेत.

आधी आपल्या गावाकडे पाहू. मीरा रोड आणि भाईंदर येथे पूर्वी भातशेती होती, मिठागरे होती आणि खाडीकाठची छोटी गावे होती. मुंबईत घर घेणे परवडेनासे झाले, तशी माणसे दहिसरच्या पुढे येऊन राहू लागली. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली. २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. म्हणजे आपण राहतो ते शहरच बाहेरून आलेल्या माणसांचे आहे. कोणी कोकणातून आले, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांतून.

याच शहरातून काही माणसे पुन्हा पुढे गेली. तुमच्या इमारतीतच चौकशी करा. कोणाचे अब्बा दुबईला असतील, कोणाचे मामू दोह्याला, तर कोणाचे मोठे भाऊ रियाधला. त्यांच्या पगारातून येथे घरे घेतली गेली, बहिणींची लग्ने झाली आणि मुलांच्या शाळेची फी भरली गेली.

पोटासाठी घर सोडणे आपल्याकडे नवे नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला नोकरीसाठी येत. गावाकडे त्यांना 'चाकरमानी' म्हणत. ते महिन्याला मनीऑर्डर पाठवत आणि सणाला घरी जात. कोकणातील कितीतरी मुसलमान जहाजांवर खलाशी झाले. त्यांच्यासाठी मुंबई हाच पहिला परदेश होता! पुढे १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव एकदम वाढले. आखाती देशांत पैसा आला. रस्ते, बंदरे, इमारती आणि रुग्णालये बांधण्यासाठी तेथे माणसे हवी होती. तेव्हा चाकरमानी समुद्र ओलांडून गेला.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. एके काळी कुवेत, बहरीन, कतार या देशांत भारताचाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार सुरू केला. पुढे इतर देशांनीही आपापले चलन काढले. आज कुवेतचा एक दिनार घ्यायचा तर अडीचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. काळ असा बदलतो.

आता हिशेबाकडे वळू. त्यासाठी एका चाचांची गोष्ट घेऊ. त्यांचे नाव सांगत नाही. कारण थोड्याफार फरकाने ती अनेकांची गोष्ट आहे. हे चाचा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकले आणि दुबईला गेले. त्याला वीस वर्षे झाली. मीरा रोडला त्यांचे छोटेसे घर आहे. तेथे दादी, चाची आणि तीन मुले राहतात. चाचा रजेवर आले की शेजारची मुले त्यांच्याभोवती गोळा होतात.

"चाचा, तिकडे चांगले की इकडे?" एका मुलाने विचारले.

चाचा म्हणाले, "बेटा, असे तोंडी सांगता येणार नाही. वही आण. आपण लिहू या."

मुलाने वही आणली. पहिल्या पानावर त्याने लिहिले, 'तिकडची जमा'.

चाचा सांगू लागले, "लिही. तिकडे वीज सहसा जात नाही. नळाला चोवीस तास पाणी असते. तो देश वाळवंटाचा आहे. मोठ्या नद्या नाहीत, पाऊस अगदी थोडा. समुद्राचे खारे पाणी कारखान्यात गोडे करतात आणि ते घरोघर पोहोचवतात. रस्ते स्वच्छ आहेत. पट्ट्यावरून माणूस रस्ता ओलांडत असेल तर गाडी थांबते. न थांबणाऱ्याला दंड होतो. पगारावर आयकर नाही. २००९ पासून बहुतेक कामगारांचा पगार बँकेसारख्या संस्थांमार्फतच द्यावा लागतो. म्हणून मालकाने पगार थकवला तर सरकारला कळते. आणि उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे."

"मग तिकडेच चांगले!" मुले ओरडली.

"थांबा," चाचा म्हणाले. "आता पान उलटा आणि तिकडचा खर्च लिहा."

मुलांनो, हा खर्च समजून घेण्यासाठी थोडे गणित करू. समजा, एका वायरमनला महिन्याला २,००० दिरहम पगार आहे. हिशेबासाठी एक दिरहम म्हणजे २३ रुपये धरू. म्हणजे ४६,००० रुपये झाले. ऐकणाऱ्याला वाटते, केवढा मोठा पगार! पण तो माणूस जेवतो दुबईत आणि भाडेही दुबईतच देतो. राहण्याची सोय मालकाने केली नसेल तर खोलीतील एक खाट भाड्याने घ्यावी लागते. तिला तिकडे 'बेडस्पेस' म्हणतात. समजा, खाटेचे ६०० दिरहम, जेवणाचे ५०० आणि इतर १०० गेले. उरले ८०० दिरहम, म्हणजे १८,४०० रुपये. घरी येतो तो पैसा हा. पगाराला रुपयांनी गुणून सुख मोजता येत नाही. तिकडचा खर्च वजा करावाच लागतो.

दुसरा खर्च वेळेचा आहे. चाचांना वर्षाला एक महिना रजा मिळते. विमानाच्या भाड्यामुळे ते दोन वर्षांची रजा एकत्र करतात आणि दोन महिने घरी येतात. आता मोजा. वीस वर्षांत दहा रजा आणि प्रत्येक रजेचे दोन महिने. म्हणजे वीस वर्षांत चाचा आपल्या घरी फक्त वीस महिने राहिले. मोठा मुलगा पहिलीत गेला तेव्हा ते तेथे होते. तो दहावी झाला तेव्हाही तेथेच होते.

नंतर मुलांनी इकडची जमा लिहिली. दादीच्या दुखण्याचे डॉक्टरला आपल्या भाषेत सांगता येते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला सरकारी शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. रात्री अडीच वाजता कोणी आजारी पडले तर शेजारी धावत येतात. निवडणुकीत मत देता येते. नगरसेवकाच्या दारात जाऊन गटाराची तक्रार करता येते आणि 'येथून निघून जा' असे कोणी म्हणू शकत नाही. चाचा हसून म्हणाले, "ही शेवटची ओळ ठळक अक्षरांत लिही."

इकडचा खर्च लिहायला मुलांना कोणी सांगावे लागले नाही. सकाळच्या लोकलची गर्दी, ठरावीक वेळी येणारे पाणी, पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणी, पदपथावर चालायला नसलेली जागा आणि त्याच कामाला मिळणारा कमी पगार. पान भरून गेले.

"आता बाकी काढा," चाचा म्हणाले.

मुलांत वाद सुरू झाला. कोणी दुबईच्या बाजूने, कोणी मीरा रोडच्या बाजूने. चाचांनी सर्वांचे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "वहीत एक रकाना राहिला आहे. प्रत्येक ओळीसमोर लिहा, ही गोष्ट कोणाच्या वाट्याला येते? तिकडची वीज आणि तिकडचे पाणी माझ्या वाट्याला. खोलीतील एक खाटही माझ्या वाट्याला. तिकडच्या पगारावर घेतलेले हे घर, हा फ्रिज, ही फी तुमच्या चाचीच्या आणि मुलांच्या वाट्याला. हे घर माझ्या नावावर आहे. पण मी येथे पाहुण्यासारखा राहतो. तेव्हा 'कुठे चांगले' असे विचारण्याआधी 'कोणासाठी' असे विचारा."

मुलांनो, या पाठातील मुख्य गोष्ट हीच आहे. जेव्हा सारे कुटुंब एका देशात राहते, तेव्हा कमावणारा आणि उपभोगणारा एकाच छताखाली असतात. आखातात एकटा गेलेला माणूस मात्र एका देशात कमावतो आणि त्याचे घर दुसऱ्या देशात चालते. त्याने स्वतःच्या राहण्यात काटकसर केली, म्हणून घरच्यांचे राहणे सुधारले. दोन देशांची तुलना करताना आपण हे विसरतो आणि 'अब्बा दुबईला मजेत आहेत' असे म्हणून मोकळे होतो.

चाचींचाही एक हिशेब आहे. तो कोणी लिहीत नाही. बँक, शाळा, दवाखाना, सोसायटीची सभा, नळाची दुरुस्ती हा सारा कारभार चाची एकट्या पाहतात. वीस वर्षांपूर्वी त्या बँकेची चिठ्ठी भरायला शेजाऱ्यांची मदत घेत. आज त्या इतर बायकांना चिठ्ठी भरून देतात. ही त्यांची जमा आहे. सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यावे लागले की निर्णय एकटीनेच घ्यावा लागतो. हा त्यांचा खर्च आहे.

मग कुटुंबाला सोबत का नेत नाहीत? तेथे पगाराची अट असते. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये असा नियम केला, की ज्याला किमान ४,००० दिरहम पगार आहे, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा मिळते, तो आपली पत्नी आणि मुले यांना नेऊ शकतो. अट पूर्ण झाली तरी मोठे घरभाडे आणि शाळेची फी असतेच. भारतीय मुले तेथे बहुधा फी घेणाऱ्या खाजगी शाळांतच शिकतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. कॅनडासारख्या देशात कायमचा रहिवासी झालेला माणूस काही वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. आखातात सामान्य कामगाराला तसे करता येत नाही. त्याचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. तीस वर्षे काम केले तरी नोकरी संपली की बहुतेकांना परतावे लागते. जाताना अमिरातीच्या कायद्याप्रमाणे सेवेच्या वर्षांनुसार एक रक्कम मिळते. ती घेऊन माणूस परत येतो. म्हणून आखातात जाणारा माणूस दत्तक देश शोधत नाही; तो परतीचे तिकीट मनात ठेवूनच जातो.

संकट आले म्हणजे हा फरक ठळकपणे दिसतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेतवर हल्ला केला. तेथे तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. त्यांची नोकरी गेली, बँकेतील पैसे अडकले आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागला. कितीतरी लोक वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या अम्मान शहरात पोहोचले. तेथून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक लोकांना मायदेशी आणले. सुमारे दोन महिने ही उड्डाणे चालू होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीत कामे बंद पडली, तेव्हा ७ मे पासून 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुटू लागली. पहिली विमाने आखातातूनच आली. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्यात चाळीसहून अधिक भारतीय कामगार मरण पावले. उंच इमारती असलेल्या श्रीमंत देशातही कामगार कोठे आणि किती दाटीने राहतो, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसले.

हे सर्व वाचून 'परदेशी जाऊच नये' असे समजू नका. २०२३-२४ मध्ये परदेशांतील भारतीयांनी सुमारे ११८ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा, सुमारे एक पंचमांश, महाराष्ट्रात आला. त्या पैशाने कितीतरी घरांना हातभार लावला. जाणाऱ्याने मात्र तयारीने जावे.

त्या तयारीतील पहिली पायरी तुमच्याच हातात आहे. ती म्हणजे दहावीची परीक्षा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाला आखाती देशांसह काही देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कमी शिकलेल्या कामगाराला लोक सहज फसवतात, म्हणून ही व्यवस्था आहे. अशा कामगारासाठी 'प्रवासी भारतीय विमा योजना' सक्तीची आहे. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दलालाकडे सरकारी नोंदणी आहे की नाही, हे आधी पाहावे. नोंदणी असलेल्या दलालालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. करार वाचल्याशिवाय सही करू नये. ज्याला वाचता येते आणि ज्याच्या हाती एखादे कौशल्य आहे, त्याला तिकडे चांगला पगार मिळतो. चांगला पगार असेल तर कुटुंब सोबत नेता येते. म्हणजे वहीतील 'कोणासाठी' हा रकाना बदलण्याचे साधन शिक्षण हेच आहे.

आता इकडच्या खर्चाचे पान पुन्हा एकदा पाहा. त्यातील काही ओळी पैशाअभावी लिहाव्या लागल्या. काही ओळी मात्र आपल्या सवयींमुळे आल्या आहेत. दुबईत पट्ट्यावरूनच रस्ता ओलांडणारा माणूस मीरा रोडला उतरला की पूल सोडून रेल्वेचे रूळ ओलांडतो. तिकडे कागदाचा तुकडा खिशात ठेवणारा माणूस येथे तो गटारात टाकतो. माणूस तोच आहे. तिकडे दंडाची भीती असते आणि इकडे 'सगळेच करतात' अशी सबब असते. या ओळी खोडायला तेलाच्या विहिरी लागत नाहीत. पूल चढण्यासाठी दोन मिनिटे लागतात.

तुमच्या घरी कोणी परदेशातून रजेवर आले, तर त्यांना 'काय आणले?' असे विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा. 'तिकडे तुमचा दिवस कसा जातो?' असे विचारा आणि उत्तर नीट ऐका. तुमच्या घराच्या वहीत बरीच पाने त्यांनी एकट्याने भरली आहेत. ती वाचणे हे तुमचे काम आहे.

शब्दार्थ

चाकरमानी : नोकरीसाठी गाव सोडून शहरात राहणारा माणूस
खलाशी : जहाजावर काम करणारा
मिठागर : समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
रकाना : वहीतील उभा कप्पा
काटकसर : जपून केलेला खर्च
उत्प्रवास : आपला देश सोडून दुसऱ्या देशात जाणे
सबब : कारण, बहाणा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मीरा-भाईंदरची महानगरपालिका केव्हा झाली?
(आ) 'बेडस्पेस' म्हणजे काय?
(इ) चाचा वीस वर्षांत किती महिने घरी राहिले?

२. कारणे लिहा.
(अ) १९७३ नंतर आखाती देशांना बाहेरच्या कामगारांची गरज लागली.
(आ) चाचांनी वहीत आणखी एक रकाना करायला सांगितला.
(इ) आखातात जाणारा माणूस परतीचे तिकीट मनात ठेवून जातो.

३. वाक्यात उपयोग करा.
जीव टांगणीला लागणे, हातभार लावणे.

४. हिशेब, जमा, खर्च, बाकी यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी दहा शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : परदेशात नोकरी केलेल्या एखाद्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला भेटा. तिकडची जमा, तिकडचा खर्च, इकडची जमा आणि इकडचा खर्च अशी चार पाने तयार करा. प्रत्येक ओळीसमोर 'कोणाच्या वाट्याला' हे लिहायला विसरू नका.